दीपालीचा डावा पाय

बाराव्याच्या पंगती उठल्या, पानं परसात गेली, वाडीची माणसं हात धुऊन, काशीरामच्या खांद्यावर हात ठेवून आपापल्या वाटेला लागली, आणि घरात घरचीच तेवढी उरली. बाहेरची माणसं असतात तोवर दुःखालाही एक शिस्त असते. ती गेली की घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात.

दीपाली मागच्या पडवीत पातेली घासत बसली होती. घासायला कुणी सांगितली नव्हती. त्यासाठीच थांबलेल्या दोघी बायकांना तिनं बळेबळे घरी पाठवलं होतं. बारा दिवस ती अशीच कामं हुडकत होती. हात ओले असले की कुणी बोलायला येत नाही, एवढी अक्कल तिला या बारा दिवसांत आली होती.

माजघरातून आंब्यांचा वास येत होता, गोडाच्या पलीकडे गेलेला, आंबूस. तिची थोरली जाऊ, काशीरामची बायको गोदाताई गेली, त्या सकाळी तिनं लावलेली आढी अजून तशीच होती. गवताखाली तीनशेक फळ पिकून, मऊ होऊन आता काळं पडत असणार. एक दिवसाआड गवत उलगडायचं, नुसत्या वासावर हे आजचं, हे परवाचं असं फळ निवडायचं, हे काम तेहतीस वर्षं गोदाताईचं होतं. तिच्यामागे त्या खोलीत पाऊल टाकायची कुणाची छाती झाली नाही. पावसच्या बागायतदाराच्या घरात, ऐन हंगामात, आंबा कुजला.

"दीपाली." शिवा दारात येऊन उभा राहिला. तिचा नवरा, काशीरामचा धाकटा भाऊ. आवाज खालचा. "खळ्यात बोलावतायत सगळ्यांना. स्वरूप कायकाय विचारतोय. तुला विचारलान तर नाय माहीत म्हण."

"काय नाय माहीत म्हणू?"

"कायच नाय माहीत." त्याची नजर तिच्या पायांवर गेली आणि चटका बसल्यासारखी वळली. "गेलेला माणूस परत येत नाय. उरलेल्यांना तरी राहायचा हाय ना या घरात?"

दीपालीनं पदराला हात पुसले. शिवाला अर्धंच ठाऊक होतं, आणि त्या अर्ध्यानंच तो एवढा भ्यायला होता.

दीपाली पायाळू होती. आईच्या पोटातून डोक्याआधी पाय घेऊन आलेली. देवरूखकडच्या तिच्या माहेरी त्या पायांची भीतीच जास्त. पायाळूवर वीज पडते म्हणून ढग वाजायला लागले की आई तिला घरात कोंडून घालायची. लग्न ठरवलं ते चिमावन्संनी. काशीरामची ही थोरली बहीण देवरूखला दिलेली, तिनंच मुलगी हेरली आणि माहेरी निरोप धाडला की पोरगी पायाळू हाय, घरात आली तर सगळ्या वाडीला औषध होईल. झालंही तसंच. पाठीत उसण भरली की माणसं पावस सोडून कुठे जात नसत. पडवीच्या पायरीशी पालथं पडायचं, दीपालीनं तोंडातून शब्द न काढता डाव्या पायानं पाठीवर तीनदा हलकेच लाथ मारायची, आणि माणूस कण्हत आलेला चालत जायचा. घ्यायचं काही नाही, फार तर एखादा नारळ. बावीस वर्षं हे चाललं होतं. गोदाताईकडे घराच्या किल्ल्या होत्या, स्वरूप आणि वेदिका ही पोरं होती, फळाचा वास ओळखणारं नाक होतं. दीपालीची कूस उजवली नाही. तिच्याकडे तिचा डावा पाय होता.

खळ्यात, घरापुढच्या अंगणात, मांडव अजून तसाच होता. काशीराम खांबाला टेकून जमिनीवर बसला होता, मुंडण केलेलं डोकं खाली. समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत स्वरूप, त्याचंही डोकं तसंच. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, मुंबईला नोकरीला, पण आज बसण्यात असा काही न्यायाधीशाचा रुबाब होता की बाप त्याच्यापुढे आरोपी दिसत होता. वेदिका पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कोल्हापूरला एका इस्पितळात ती नर्स होती. बारा दिवसांत ती बारा वाक्यंही बोलली नव्हती. चिमावन्सं मधोमध, चटईवर, पाय पसरून.

"मी मुंबईहून पोचलो त्या रात्री डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं," स्वरूप म्हणाला. "म्हणाले, हे आज सुरू झालेलं नाही. दोन-तीन दिवस यांना काहीतरी होत असणार. आईचं सगळं नीट होऊ दे म्हणून मी बारा दिवस गप्प बसलो. आता विचारतो. आईला काय होत होतं?"

स्वरूप बापाकडे वळला. "बाबा?"

"कायतरी होत होता खरा," काशीराम जमिनीकडे बघून म्हणाला. "मला नाय कळला."

"कुठली पेटी कुठल्या टेम्पोतून कुणाकडे गेली, हे तुम्हाला तीन-तीन वर्षांचं पाठ असतं. आणि एका घरात राहून आईचं कळलं नाही?"

"बापाशी असा बोलू नये रे," चिमावन्सं म्हणाल्या, आणि लगेच भावाकडे वळल्या. "पण खोटा काय बोलला तो, काशी? हंगाम आला की तुला आंब्याशिवाय दुसरा दिसता काय? कलमाला फवारणी कवा करायची ता बरोबर कळता."

"मंगळवारी पाखाडी चढताना मधेच बसली," काशीराम सांगू लागला. बागेतून घरापर्यंत चिऱ्याच्या एकशेदहा पायऱ्यांची ती पाखाडी, गोदाताई डोक्यावर पाटी घेऊन दिवसातून आठदा चढायची. "कधी नाय बसली ती, आक्का. दम लागला म्हणाली. मी म्हटला, गोदे, वय झाला आता तुझा. तर हसली. मग मीपण हसलो."

"मला म्हणालेली, मळमळता," शिवा हळूच म्हणाला. "मी पित्ताची गोळी दिली."

"आणि छातीत? छातीत दुखतंय असं नाही म्हणाली?"

"नाय रे!" काशीरामनं पहिल्यांदाच मान वर केली. डोळे गळत होते. "छातीत दुखता म्हणाली असती तर मी नसती नेली? पाठीवर टाकून नेली असती. छातीवर एकदापण हात ठेवलान नाय तिनं."

"बायकांना छातीतच दुखतं असं नाही, दादा," वेदिका म्हणाली.

आवाज इतका कोरडा होता की सगळ्यांनी मान वळवून पाहिलं.

"कधी छातीत नुसतं जड वाटतं, कधी तेवढंही नाही. पाठ धरते. दम लागतो. मळमळतं, गार घाम फुटतो. काही न करता थकवा येतो, आठ-आठ दिवस झोप लागत नाही. बाई सांगत नाही असं नाही. सांगते. पण एक याला सांगते, एक त्याला सांगते, काम करता करता सांगते. म्हणून कुणाला ते एकत्र दिसत नाही."

"तुला हे सगळं माहीत होतं?"

"मला परीक्षेला होतं." वेदिका पायरीचा चिरा नखानं खरवडत होती. "बुधवारी आईचा फोन आला होता. वेदू, खालची दाढ दुखत्ये, अख्खा जबडा भरून आलाय म्हणाली. मी म्हटलं लवंग धर. रविवारी येते, तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे जाऊ. दादा, मी तेव्हा ड्युटीवर होते. त्याच आठवड्यात एक बाई जबडा दुखतो म्हणून आली होती, तिला मी धावत आत नेलं होतं. ती वाचली. सगळ्यांनी शाबासकी दिली मला. आणि आईला मी लवंग धर म्हटलं." ती थांबली. "ती बाई लोकांची आई होती ना. माझी आई आजारी पडतच नाही, मला असंच वाटायचं."

स्वरूपनं बहिणीकडे पाहिलं. राग कुठेतरी टाकल्याशिवाय त्याला उभं राहता येणार नव्हतं, आणि बहिणीवर तो टाकवेना. तो पुन्हा बापाकडेच वळला.

"गुरुवारी सकाळपासून तीनपर्यंत ती घरात होती. तुम्ही होता. तेव्हा काय झालं?"

काशीरामनं एकदा, अगदी एकदाच, दीपालीकडे पाहिलं.

त्याला पायाचं माहीत होतं. मंगळवारीही आणि गुरुवारीही गोदा पाठ धरून पडवीकडे जाताना त्यानं पाहिली होती. एवढंच नव्हे, मंगळवारी पेट्यांत गवत भरता भरता त्यानंच हाक मारली होती, दीपाली, हिला जरा पाय लाव गो.

"मी पेट्या भरत होतो," तो म्हणाला. "माझाच चुकला. माझ्यावर घाल सगळा."

"घालतोच आहे," स्वरूप उठला. "वेदू, बॅग भर. उद्या पहाटे निघायचं. यापुढे मी या घरात येणार नाही, बाबा. तुम्ही बसा तुमच्या कलमांखाली. कोणी विचारलं तर सांगा, मुलगा होता, गेला."

काशीराम नुसता ऐकत राहिला, जणू हे त्याला आधीच कळलं होतं. दीपालीनं पाहिलं की त्याची बोटं जमिनीवर पडलेली गवताची एक काडी उचलून मोडतायत, पुन्हा उचलतायत. हा माणूस आज बायकोच्या मागोमाग पोरंही घालवून बसणार होता, आणि तेही दुसऱ्याचं पातक पदराखाली घेऊन. शेजारी शिवा खाकरला. ते खाकरणं तिच्यासाठीच होतं.

"ताई माझ्याकडे आलेली," दीपाली म्हणाली.

"दीपाली!" शिवा.

"मंगळवारी आली आणि गुरुवारी आली. दोन खांद्यांच्या मधे दुखता म्हणाली. उसण भरल्ये, पाय लाव. मी लावला."

स्वरूपला क्षणभर काही उमगलंच नाही. वेदिकाला मात्र उमगलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"काकी, तू आईला लाथ मारलीस?" ती अगदी हळू म्हणाली. "तिला झटका येत होता, आणि तू तिला..."

"ए, जिभेला हाड हाय काय?" चिमावन्सं कडाडल्या. "लाथ काय? पायाळूचा पाय तो! उसण भरली की माणूस पायाळूकडंच जाता. तुझा आजा जायचा, मी गेल्ये, तुझी आई वीस वेळा गेली असेल. तू झालीस नर्स म्हणून पिढ्यांची रीत लाथ झाली? तिला काय ठाऊक आत काय चाललाय ता? शिकलेल्या पोरीला फोनवर कळला नाय, ही तर सातवी शिकलेली. बैल गेला नि आता झोपा करताय सगळे."

शिवानं सुस्कारा टाकला. काशीराम म्हणाला, "मीच पाठवली होती तिला पाय लावायला. तिचा काय दोष नाय." आणि स्वरूप, जो उभा होता, तो खुर्चीत पुन्हा बसला. गोष्ट निसटून जमिनीवर सांडली होती आणि सगळ्यांत मिळून सारखी पसरली होती. बापाची पाखाडी, काकाची गोळी, पोरीची लवंग, काकीचा पाय. कुणाच्याच वाट्याला बुडण्याइतकी आली नव्हती.

इथेच थांबता आलं असतं. दीपालीला ते स्पष्ट दिसलं. एक शब्द बोलली नसती तर संध्याकाळी चहा झाला असता, उद्या आढी साफ झाली असती आणि पुढच्या शिमग्याला स्वरूप घरी आला असता. पण गोदाताईचा तो चेहरा बारा दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. माणूस आपल्या पायाशी पडून काही मागतं आणि आपण देत नाही, हे कुणाला न सांगता जगता येईल असं तिला आधी वाटलं होतं. नव्हतं येत.

"गुरुवारी ताई दवाखान्यात ने म्हणाली होती."

काशीरामच्या बोटांतली काडी तशीच राहिली.

"कवा?"

"दहाच्या सुमारास. दुसऱ्यांदा आली तेव्हा."

"काय म्हणाली? जशी म्हणाली तशीच सांग."

"घाम येत होता तिला. तोंड राखेसारखा झालेला. पायरीवर बसली नि म्हणाली, आज कायतरी वेगळा वाटता गो. नुसती उसण नाय वाटत. रत्नांग्रीला जाऊन येऊया काय? तू चल माझ्याबरोबर. ह्यांना नको सांगू, पेट्यांचा खोळंबा होईल. रिक्षानं जाऊ नि जेवणापर्यंत परत येऊ."

"नि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटला, बाजाराचा टेम्पो यायचा हाय, साठ पेट्या भरायच्यायत. उगाच भिऊ नको. उसणच हाय. माझ्या पायाला कळता."

बोलून झालं तरी सगळं बोलून झालं नव्हतं. पेट्या हे निमित्त होतं. खरं म्हणजे तिला राग आला होता. बावीस वर्षांत तिच्या पायाखालून उठलेलं माणूस डॉक्टरचं नाव काढत नसे, आणि आज घरचीच जाऊ, तिला हात धरून आत घेणारी, सासरी आल्यावर सहाव्या महिन्यात "मला अहोजाहो नको गो, तू म्हण" असं सांगणारी गोदाताई, तिच्या पायावर विश्वास ठेवत नव्हती. दीपालीला ते झोंबलं. म्हणून त्या दिवशी तिनं पाय जरा जोरातच लावला होता. गोदाताई पंधरा मिनिटांनी उठली, "हलका वाटला हां," म्हणाली. समजूत काढावी तशी. मग तिनं सगळ्यांचा भात टाकला, आमटी केली, सगळ्यांना वाढलं, आणि तीन वाजता आढीवर गवत पसरता पसरता त्यातच कलंडली.

"जोरात लावला मी पाय," दीपाली म्हणाली. "रागानं लावला."

काशीराम उठला. उठताना त्यानं खांब धरला.

"तेहतीस वर्षांत," तो म्हणाला, कुणाकडेच न बघता, "तिनं मला कुठं ने म्हटला नाय. माहेरी ने नाय, जत्रेला ने नाय. मी वाट बघायचो, एकदा तरी म्हणेल. एकदा म्हणाली. नि ती पण मला नाय म्हणाली." तो दीपालीच्या शेजारून गेला. मघाशी हाच माणूस तिच्यासाठी पोरांना मुकायला तयार होता. आता जाताना त्यानं लुगड्याचा स्पर्श नको म्हणून धोतर आवरून घेतलं आणि तो पाखाडी उतरून बागेत निघून गेला.

स्वरूप ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तापात त्याच्या उशाशी ती जागली होती, शाळेत पहिल्या दिवशी तो तिचं बोट धरून गेला होता.

"काकी, तू?" एवढंच तो म्हणाला, आणि लहानपणी पडल्यावर करायचा तसं तोंड करून रडायला लागला. पण या वेळी तो तिच्याकडे आला नाही. वेदिकानं त्याला जवळ घेतलं आणि दीपालीकडे पाठ केली. शिवा कधीच आत गेला होता.

दीपाली पडवीत परत आली. पातेली उरलेली होती, ती तिनं घासली. घासलेली पुन्हा घासली. या घरात आता तिला कुणी जा म्हणणार नव्हतं आणि राहा म्हणणार नव्हतं. परसातल्या माडाची सावली विहिरीपर्यंत आली तेव्हा पायरीवर कुणीतरी धपकन बसलं.

चिमावन्सं होत्या. गुडघ्यावर हात टेकून कण्हत, हळूहळू त्या पायरीशी चक्क पालथ्या पडल्या.

"दीपाली. पाठीत उसण भरल्ये. पाय लाव."

दीपाली ओले हात तसेच धरून उभी राहिली. कुंपणापलीकडे सावित्री, शेजारीण, कपडे काढायच्या निमित्तानं थांबलेली. मघाचं सगळं तिच्या कानावर गेलंच असणार. आतल्या दारात स्वरूप आणि वेदिका आले. चिमावन्संना हे सगळं दिसत होतं आणि दिसावं म्हणूनच त्या पडल्या होत्या. गोड बोलणं त्या बाईच्या पत्रिकेत नव्हतं. त्यांनी आणलेली सून त्या त्यांच्या पद्धतीनं, सगळ्यांदेखत, पुन्हा घरात घेत होत्या. एक पाय लावायचा, तीनदा, आणि उद्यापासून वाडी पुन्हा येऊ लागली असती.

दीपालीनं डावा पाय उचलला.

चिमावन्संच्या मानेवर घाम होता. मे महिन्यात सगळ्यांच्याच मानेवर असतो. चोळीच्या वर, पांढऱ्या केसांच्या अंबाड्याखाली, थेंब थेंब. गोदाताईच्याही मानेवर असाच होता.

"वन्सं, कुठे दुखता?"

"पाय लावताना बोलायचा नसता, माहीत नाय?"

"कुठे दुखता सांगा."

"दोन खांद्यांच्या मधे. सकाळपासून. लाव लौकर, पोट दबता माझा."

"दाढ दुखता?"

"कवळी हाय माझी, मेले! दाढ कसली?"

"मळमळता?"

"बाराव्याचा गोड जेवून कुणाला मळमळत नाय?"

दीपालीनं पाय खाली ठेवला, जमिनीवर, दुसऱ्या पायाशेजारी. याच पायाला कळतं म्हणून ती बावीस वर्षं सांगत आली होती. त्याला काही कळत नव्हतं. कधीच काही कळलं नव्हतं. उसण आपली आपण जायची आणि पाय मान घ्यायचा.

"टेम्पो काढा," ती म्हणाली. मग ओरडली, "टेम्पो काढा कुणीतरी!"

"खुळी झालीस काय?" शिवा धावत बाहेर आला. "आक्काला उसण भरल्ये नुसती. वाडी हसेल."

"हसू दे."

वेदिका खाली बसून आत्याचं मनगट धरून घड्याळाकडे पाहत होती. तिनं वर पाहिलं. काकीच्या तोंडाकडे नाही, शिवाकडे. "काका, टेम्पो काढा. मला नुसत्या हातानं काही सांगता येत नाही."

घरच्या छोट्या टेम्पोची किल्ली काशीरामकडे होती. तो पाखाडी चढून येतच होता, ओरडणं ऐकून, धापा टाकत. काय झालं हे त्यानं विचारलं नाही. बहिणीला त्यानं हाताला धरून उठवलं, तिच्या शिव्या खात पुढच्या सीटवर बसवलं आणि टेम्पो सुरू केला. वेदिका आत्याशेजारी. दीपाली आणि स्वरूप मागे, रिकाम्या पेट्यांत, एकमेकांपासून लांब. रत्नागिरीपर्यंत पाऊण तास लागला.

दवाखान्यात डॉक्टर बाई तरुण होत्या. चिमावन्संना आडवं करून छातीला, हातापायाला तारा लावल्या. "आता लाज ठेवलीत नाय काय कुणी!" म्हणून आतून आरडाओरडा ऐकू आला. मशीननं कागदाची पट्टी बाहेर टाकली. रक्त घेतलं. दोन तास बसवून पुन्हा एक पट्टी काढली. बाहेरच्या बाकावर चौघं बसले होते आणि आतून कोणी आलं की चौघंही एकदम उभे राहत होते. दीपाली देवाला काय मागावं ते ठरवू शकत नव्हती. वन्संना काही निघालं नाही तर देव पावला असं म्हणायचं, हे तिला कळत होतं. पण निघालं असतं तर, निदान एकदा, वेळेवर आणल्यासारखं झालं असतं. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःची किळस आली.

साडेसहाला डॉक्टर बाई बाहेर आल्या.

"आत्यांना काही झालेलं नाही. हृदय उत्तम आहे. पाठीचा स्नायू आखडलाय, शेक द्या आणि चार दिवस वजन उचलायला देऊ नका. आणलंत ते फार चांगलं केलंत. बायकांची पाठदुखी कोणी इतक्या लवकर आणत नाही."

चिमावन्सं पदर सावरत मागोमाग आल्या. "ऐकलात? उसणच होती. मी सांगत होत्ये. तीन तास फुकट घातलेत, नि सगळ्या दुनियेपुढे माझी चोळी काढलीत. फुकट आणलात मला, काशी."

काशीरामच्या हातात ती कागदाची पट्टी होती. त्यावरच्या रेघा तो बोटानं चाचपत होता, वर, खाली, पुन्हा वर. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पाऊण तासाचा रस्ता, पाच मिनिटांचा कागद.

"असू दे, आक्का," तो म्हणाला. "तिलापण एकदा अशीच फुकट आणायला हवी होती."

त्यानं पट्टीची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. टेम्पोपाशी आल्यावर त्यानं चिमावन्संना चढवलं, वेदिकाला चढवलं, स्वरूपला हात दिला. दीपाली मागे उभी होती. तिला त्यानं हात दिला नाही, पण तिची वाट पाहत तो थांबला. ती चढली तसा त्यानं टेम्पोचा मागचा फाळका लावला.